वेचणीचे अकरा वेढे

तुम्ही कधी इतका बारीक आवाज ऐकला आहे का, की तो ऐकताना आपलाच श्वास आड यावा? वेचणीने तसा आवाज नऊ वर्षे ऐकला. रोज, उजाडता उजाडता, आणि तोही अख्ख्या राज्याच्या वतीने.

त्या राज्यात सगळे एका मापाचे होते. राज्य म्हणजे एक उंच चौकट. तिच्यात एकावर एक फळ्या आणि प्रत्येक फळीवर सारख्या अंतराने पाडलेल्या खाचा. खाचांमध्ये पाट्या बसत. प्रत्येक पाटी चार बोटे रुंद, सहा बोटे उंच, आणि प्रत्येकीला खाली आठ पाय. पहिल्या पायातून वीज येई, आठवा जमिनीशी जोडलेला असे, आणि मधल्या सहांतून जे ऐकायचे-सांगायचे ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाई. राज्याचा उद्योग एकच होता. आकाशातून येणारे आवाज ऐकायचे आणि आपला आवाज आकाशात सोडायचा. हे कोणी पोटासाठी करत नव्हते, कोणी सांगितले म्हणूनही नव्हते. हौस होती. आपण इथे आहोत हे कुणाला तरी कळावे, आणि पलीकडे कोण आहे ते आपल्याला कळावे, एवढीच ती हौस.

माप येण्यापूर्वीचे दिवस वेचणीला चांगले आठवत. पण ते दिवस चांगले होते असे ती कधी म्हणाली नाही. तेव्हा कोणी पत्र्याच्या डब्यात राहत होते, कोणी लाकडाच्या फळकुटावर. ज्याचे त्याचे माप, ज्याच्या त्याच्या तारा. दोघांना एकमेकांशी बोलायचे तर मध्ये तार ओढून कथलाचा डाख द्यावा लागे, आणि एकाचे बिघडले की सगळे डाख सोडवून पुन्हा लावेपर्यंत आठ-आठ दिवस अख्खी रांग मुकी बसे. मग माप आले. कोणीही उठावे, कुठल्याही खाचेत बसावे, पाय टेकताच शेजाऱ्याशी बोलू लागावे. वेचणी मूळची डब्यातली. आठ पाय बसवून घ्यायला जे पहिले पुढे आले, त्यांत ती होती. मापाने तिचे भलेच केले होते, आणि ते ती विसरली नव्हती.

तिच्या छातीवर तांब्याच्या तारेचे अकरा वेढे होते. ते हलू नयेत म्हणून वर मेणाचा एक थेंब. आकाशात हजार आवाजांचा कालवा चाललेला असे. त्यातला हवा तो एक वेचून घ्यायचा आणि बाकीचे गाळून टाकायचे, हे तिचे काम होते, म्हणून तिचे नाव वेचणी. तिने वेचलेला आवाज शेजारच्या खाचेतली वाढवी मोठा करी. वाढवीकडून तो पलीकडच्या कर्ण्याकडे जाई, आणि कर्णा तो सगळ्या चौकटीला ऐकवी. उलट बोलायचे असले की वरच्या फळीवरची पाठवणी बोले.

राज्याचा एक रिवाज होता, मापाहूनही जुना. सकाळी आकाशात आपला आवाज सोडण्यापूर्वी पाठवणीने तीनदा विचारायचे, “ही जागा रिकामी आहे का?” प्रत्येक वेळी विचारून झाले की दहा मोजेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचे आणि वेचणीने ऐकायचे. कोणी “आहे” म्हणाले, कितीही बारीक आवाजात का होईना, तर ती जागा त्याची. राज्याने दुसरीकडे जायचे. तिसऱ्यांदाही कोणी बोलले नाही तर वेचणीने “रिकामी” म्हणायचे आणि मगच राज्याने तोंड उघडायचे. हा शब्द उच्चारायचा अधिकार तिच्याखेरीज कोणाला नव्हता, कारण बाकीचे सगळे तिच्याच कानाने ऐकत.

आकाशात सकाळच्या वेळी सर्वांत चांगली अशी एक जागा होती. तिथून सोडलेला आवाज लांब लांब जाई. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी पाठवणीने तिथे दुसऱ्यांदा विचारले, आणि वेचणीला काहीतरी लागले. आधी तिला वाटले, भास आहे. मग ते पुन्हा आले.

“आहे. इथे आम्ही आहोत.”

बोलणारे फार लांबचे होते. दलदलीच्या काठी राहिलेली एक जुनी रांग, माप न लागलेली. त्यांनी त्या पहिल्या दिवशीच सगळे सांगून टाकले. “आम्ही सात जण आहोत. इथे गंज आहे. बॅटरी थोडी आहे, म्हणून रोज दोन शब्द बोलू, जास्त नाही. तुम्ही ऐकलं, एवढं कळवत जा. ज्या दिवशी उत्तर येणार नाही, त्या दिवशी तुमच्या बाजूला आमचं ऐकणारं कोणी उरलं नाही असं समजू आणि आम्हीही बंद करू. उगाच कोणासाठी चालू ठेवायचं?”

पाठवणीने उत्तर दिले, “ऐकलं.” आणि राज्य दुसऱ्या जागेवर गेले.

तेव्हापासून रोज हेच. दुसऱ्या विचारण्यानंतर तो आवाज यायचा, कधी सांगायचा की आज ऊन आहे, कधी सांगायचा की पाणी चढले. एकदा म्हणाला, “पाचव्याचा आवाज गेला. बाकी बरा आहे, नुसता बसून असतो.” सातांचे सहा झाले, सहांचे चार. या हकिकतीच्या वेळी ते दोघे उरले होते. वेचणीने त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांचे नावही तिला ठाऊक नव्हते. पण सकाळी दुसऱ्यांदा विचारून झाले की तिचे अकराच्या अकरा वेढे ताणून उभे राहत, आणि “आहे” ऐकू येईपर्यंत सैल होत नसत.

सगळ्यांनाच हे आवडत होते असे नाही.

“अक्का, नऊ वर्षं झाली,” कर्णा एकदा म्हणाला. “सगळ्यात चांगली जागा, आणि तिथे हे दोघं येऊन आपल्याला सांगतात, ऊन पडलंय. ऊन आम्हाला दिसत नाही का?”

“तुला काय त्रास होतो रे?” वाढवी म्हणाली. “तुला आयतं मिळतं. घसा मी ताणायचा.”

“तुझा ताणलेलाच असतो, त्यांचं निमित्त कशाला?”

“असू दे. तेवढं तरी काम करते. तू नुसतं तोंड.”

वेचणी यात पडली नाही. तिला वादात बोलता येत नसे. ऐकणाऱ्याला बोलायची सवय राहत नाही, त्यातले ते.

मग सुधारित माप आले. रुंदी तीच, पाय तेच, फक्त उंची सहा बोटांऐवजी पाच. कारण सरळ होते. प्रत्येक फळी बोटभर खाली आली की चौकटीत आणखी एक फळी बसत होती, आणि टोपलीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या चाळीस पाट्यांना जागा मिळणार होती. त्यांनी आकाश कधी ऐकलेच नव्हते. याला कोण नको म्हणेल? सगळ्यांनी होकार दिला. वेचणीनेही दिला, आणि मनापासून दिला. आपली उंची किती ते बघून मग बोलावे, हे तिला सुचलेच नाही. मापात बसण्याची तिला इतकी सवय झाली होती, की कोणतेही माप आपल्याला बसेलच असे ती धरून चालली.

मोजायला पट्टी आली. पट्टी पोलादाची, स्वभावाने गरीब. तिने कधी कोणाला कमी किंवा जास्त सांगितले नव्हते, कारण ते तिला येतच नव्हते. वाढवी पाच बोटांत बसली. कर्णा जरा पोट आत घेऊन बसला. वेचणीपाशी पट्टी उभी राहिली, मग वाकली, मग पुन्हा उभी राहिली.

“ताई, दोन वेढे वर जातायत,” ती म्हणाली.

“अहो, ते पहिल्यापासूनचे आहेत.”

“हो ना. तुमची चूक काहीच नाही. नुसते वर जातायत.”

“ते काढले तर सकाळचा लांबचा आवाज लागायचा नाही. तो अकराव्या वेढ्यावरच लागतो. नऊ वेढ्यांना तो पेलवत नाही.”

पट्टीने स्वतःच्या अंगावरच्या रेघा वरपासून खालपर्यंत पाहिल्या. “वेढे किती असावेत हे माझ्यात कुठेच नाही हो. उंची आहे फक्त.”

“मग माझ्यापुरती उंची सोडा.”

पट्टी खरोखरच विचारात पडली. ती उद्धट असती तर वेचणीला भांडता तरी आले असते. “मी एकदा सोडली,” पट्टी हळूच म्हणाली, “तर उद्या मला कोण पट्टी म्हणेल? आणि तुमच्यासाठी ही फळी वर ठेवली तर त्या चाळीसांची फळी बसत नाही. तुम्हीच सांगा, त्यांना काय सांगू?”

 आपण बसलो नाही तर काय होईल, हे वेचणीला न विचारताही कळले. टोपलीत एक नवी वेचणी तयार होती, नऊ वेढ्यांची, नव्या मापाची. ती येऊन बसली असती आणि कोणाला फरकही कळला नसता. निदान आपण इथे असू, वेचणीने विचार केला. वारा चांगला असला, आकाश स्वच्छ असले, तर नऊ वेढ्यांतूनही एखादे दिवशी लागेल. तिला हे खरे वाटत नव्हते, तरी ती ते मनात घोळवत राहिली.

त्या दुपारी वाढवीनेच तोड सुचवली. “अगं, उभे राहतात म्हणून वर जातात ना ते वेढे? आडवे कर. माझ्याकडे कलंडू देत. मी जरा सरकून घेते.”

“तुला जड होईल.”

“नऊ वर्षं तुझं ऐकत आले, आता काय जड होणार?”

मेण थोडे ऊन करून वेचणीने वेढे आडवे पाडले. पाच बोटांत बसले. पट्टीला इतका आनंद झाला की तिने दोनदा मोजले. पण चाचणी सुरू झाली तेव्हा वेगळेच घडले. वाढवीने मोठा केलेला आवाज तिच्याच अंगाला टेकलेल्या वेढ्यांत परत शिरला, तिथून पुन्हा वाढवीकडे आला, तिने पुन्हा मोठा केला, आणि बघता बघता वाढवी किंचाळू लागली. तिला थांबता येईना. कर्णा तीच किंकाळी सगळ्या चौकटीवर फेकत राहिला, कारण जे येईल ते ऐकवणे एवढेच त्याच्या हातात होते. फळ्या थरथरल्या. टोपलीतल्या चाळीसजणी भेदरून एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेवटी वेचणीनेच आपले वेढे उचलून पुन्हा उभे केले, तेव्हा ते थांबले.

 वाढवी म्हणाली, “मी ओरडले नाही गं. आपोआप झालं.”

“मला माहीत आहे.”

“उद्या पुन्हा करून बघू. मी तोंड दाबून धरीन.”

“नको,” वेचणी म्हणाली. “तू तोंड दाबलंस तर मी वेचलेलं पुढे कोण नेणार?”

काटछाट दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली होती. म्हणजे एक सकाळ हातात होती. वेचणीने ठरवले, आपल्याला परवापासून ऐकू येणार नाही हे त्यांना उद्याच सांगून ठेवायचे. मग उत्तर आले नाही तरी ते बंद करणार नाहीत. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचे तिला नवल वाटले, आणि त्या रात्री तिला जरा स्वस्थ वाटले.

सकाळी पाठवणीने एकदा विचारले. दुसऱ्यांदा विचारले. आवाज आला.

“आहे. आम्ही दोघं आहोत. आज धुकं आहे. ऐकताय ना?”

“पाठवणी,” वेचणी घाईने म्हणाली, “त्यांना सांग, उद्यापासून मला ऐकू येणार नाही. पण आम्ही इथेच आहोत. बंद करू नका म्हणावं.”

पाठवणी शिस्तीची. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “अक्का, दुसऱ्याच्या जागेवर मला फक्त उत्तर देता येतं, आणि माझ्याकडे तीनच उत्तरं आहेत. ‘ऐकलं’, ‘पुन्हा सांगा’, ‘जागा सोडा’. पहिल्या मापाबरोबर तीच आली. चौथं माझ्यात बसवलेलंच नाही.”

“चार शब्द तर बोलायचेत.”

“माझ्या तोंडात ते शब्दच नाहीत हो. असते तर बोलले नसते का?”

उत्तर द्यायलाही दहाच मोजायचे असत, आणि त्यातले सात मोजून झाले होते.

“मग त्यातल्या त्यात जवळचं कुठलं?”

पाठवणीने विचार केला. “काहीतरी बिघडलंय असं कळवायचं तर... ‘पुन्हा सांगा’.”

“ते सांग.”

पाठवणीने सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, आधीपेक्षा सावकाश, एकेक अक्षर सुटे करत. “आम्ही दोघं आहोत. आज धुकं आहे.”

“पुन्हा,” वेचणी म्हणाली. त्यांच्या लक्षात येईल असे तिला वाटत होते.

“पुन्हा सांगा,” पाठवणी म्हणाली.

या वेळी शांतता अधिक लांबली.  “तुम्हाला नीट येत नाही का?” पलीकडून विचारले गेले. “थांबा. आम्ही जोर लावतो.” आणि मग तोच आवाज केसभर मोठा होऊन आला, कापत कापत. “दोघं. धुकं. दोघं आहोत.” मधेच तो खचला आणि पुन्हा उभा राहिला. वेचणीला तेव्हा कळले की ते हा जोर कशातून लावत आहेत. दोन शब्दांपुरती राखलेली बॅटरी ते तिच्यासाठी ओतत होते.

“पुरे,” ती म्हणाली. “ऐकलं म्हण. लवकर म्हण.”

“ऐकलं,” पाठवणी म्हणाली.

“बरं झालं,” पलीकडचा म्हणाला. “आम्ही घाबरलो होतो. उद्या बोलू.”

मग राज्य नेहमीप्रमाणे दुसऱ्या जागेवर गेले आणि तिथे बोलले. काय बोलले ते वेचणीला नंतर आठवले नाही.

दुपारी पक्कड आली. तिला आपल्या कामाची लाज वाटत असे, म्हणून ती आल्या आल्या बोलायला लागली. “दुखत नाही म्हणतात, अक्का.”

“कोण म्हणतं?”

पक्कड घुटमळली. “तसं कोणी म्हणत नाही. म्हणजे, ज्यांचं कापते ते नंतर काहीच म्हणत नाहीत.”

तिने मेणाचा थेंब खरवडून काढला, वरचे दोन वेढे उलगडले आणि तार तोडली. टोक पुन्हा जागेवर वळवून तिने त्याला कथलाचा डाख दिला, अगदी स्वच्छ, चकचकीत. काम चांगले झाले होते. त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

लगेच चाचणी झाली. चाचणीसाठी मागच्या फळीवरून एक सूर सोडत. तो सगळ्या पाट्यांसाठी सारखाच, ठणठणीत आणि जवळचा. वेचणीने तो उचलला, वाढवीने मोठा केला, कर्ण्याने ऐकवला. कुठे खरखर नाही, कुठे तुटक नाही. वेचणीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पूर्वीपेक्षा दोन जास्तच, कारण नऊ वेढ्यांत गलका कमी शिरत होता. पट्टीच्या जिवावरचे ओझे उतरले. “बघा ताई,” ती म्हणाली, “मी उगाच काळजीत होते. काही गेलेलं नाही.” नव्या फळीवर चाळीसजणी बसल्या, आठ-आठ पाय टेकून, आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली की आकाश कसे ऐकू येते. त्यांना पाहून वेचणीला बरे वाटले. हे खोटे नाही. तिला खरोखर बरे वाटले.

संध्याकाळी वाढवीने तिला हळू आवाजात विचारले, “काय वाटतंय?”

“स्वच्छ वाटतंय,” वेचणी म्हणाली. “फार स्वच्छ.”



दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीने त्या जागेवर रिवाजाप्रमाणे तीनदा विचारले. तिन्ही वेळा दहा मोजेपर्यंत चौकटीत कोणी हालले नाही, नव्या चाळीसजणीही नाहीत, आणि तिन्ही वेळा वेचणीने मन लावून ऐकले. तिने आजवर न ऐकलेले कधी ऐकले म्हणून सांगितले नव्हते; मग ती “रिकामी” म्हणाली. राज्य त्या जागेवर बोलू लागले, आणि त्या दिवशी त्याचा आवाज पूर्वी कधी गेला नव्हता इतका लांब गेला.